पात्याची झोप

मी एक जुना कटर आहे, मित्रांनो. पेन्सिलीला टोक काढायला तुम्ही कंपासपेटीत ठेवता तो नव्हे. मी छापखान्यातला कागद कापायचा कटर आहे. वजनाला दोन टन. पाचशे पानांची गड्डी माझ्या टेबलावर ठेवा आणि बटणं दाबा, की आधी वरून लोखंडी दाब उतरतो आणि गड्डी गच्च धरतो, मग पातं उतरतं. तुमच्या वहीच्या कडा इतक्या सरळ असतात ना, त्या माझ्यासारख्याच कोणाची तरी करामत.

तुमच्या निबंधाच्या वहीत मोडकी छत्री रडते, फाटकं पुस्तक रडतं, गंजलेली सायकलही हुंदके देते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला रडू येत नाही, पश्चात्तापही होत नाही. जे झालं ते सांगतो, आणि ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

मला ज्याने घडवलं तो कारागीर डोकेबाज होता. त्याने मला एक नव्हे, दोन बटणं दिली, टेबलाच्या दोन टोकांना. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच पातं खाली येतं. एकावर बोट ठेवून दुसऱ्या हाताने कागद सारखा करू म्हणाल, तर मी ढिम्म हलत नाही. बटणं दाबणाऱ्याचे दोन्ही हात पात्यापासून लांब राहावेत, म्हणून ही सोय. कटरपाशी एकच माणूस उभा राहणार, हे त्या कारागिराने धरूनच चाललं होतं. बिचाऱ्याने आमच्या मालकांच्या जावईबापूंना पाहिलं नव्हतं.

त्याने मला पातीही दोन दिली. थोरलं आणि धाकटं. एक कापत असताना दुसरं लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडून असायचं. सकाळभर कागद कापून पात्याची धार मरते. बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं. म्हणून रोज दुपारी दोन वाजता पातं बदलायचं, असा आमच्या छापखान्याचा नेम होता. उतरवलेलं पातं दगडावर परजून पेटीत ठेवताना कोणी तरी म्हणायचंच, “झोपलं हो एक.”

आणि पातं झोपलं की माणूसही झोपायचा. हा नियम थोरल्या मालकांचा. पातं बदलून झालं की कटरवाल्याने वीस मिनिटं आडवं व्हायचं, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर, माझी किल्ली उशाखाली घेऊन. किल्ली त्याच्या डोक्याखाली असल्यामुळे मला दुसरं कोणी चालू करू शकत नसे. बाकीची मंडळीही जिथे जागा मिळेल तिथे कलंडायची. फोल्डिंगच्या बायका टेबलाखाली, मशीनवाले दारापाशी, पुस्तकं चिकटवायची खळ करणाऱ्या मावशी आपल्या खळीच्या बादलीला टेकून. त्या वीस मिनिटांत एवढ्या मोठ्या छापखान्यात फक्त पंखा फिरत असे आणि मावशी घोरत असत. कोणी बाहेरचा आला तर थोरले मालक दारातच त्याला थोपवायचे. “आत्ता नाही. माझी माणसं धार लावून घेतायत.”

माझ्यावर काम करणारा तेव्हा गुण्या होता. खरं नाव घरच्यांना माहीत असेल. सुतार काटकोन तपासायला जो गुण्या वापरतो, त्यावरून हे नाव पडलेलं, कारण त्याचा काप कधी एका केसानेही तिरका जात नसे. मोजपट्टी लावून पाहणारे पाहून थकले. उंच, शांत माणूस, बोलण्यात अगदी कंजूष. तुम्ही त्याला गोष्ट सांगा, बातमी सांगा, नाहीतर शिव्या द्या, उत्तर एकच. “हूं.”

त्याची बायको आमच्याकडेच फोल्डिंगला होती. तिला सगळे वहिनी म्हणायचे. छापलेला मोठा कागद घडी घालून पानं करायची, हे तिचं काम, आणि तिची बोटं अशी चालायची की नव्या बायका घड्या घालायचं सोडून तिच्याकडेच बघत बसायच्या. बोटांच्या जोडीला तोंडही चालायचं. गुण्याच्या वाटचं बोलणंही तिलाच बोलावं लागत असणार.

“अहो, येताना बल्ब आणायचाय, लक्षात आहे ना?”

“हूं.”

“आणि मी आत्ता काय म्हणाले?”

“बल्ब.”

मग ती बाकीच्यांकडे विजयाने बघायची. “बघा. ऐकत नाहीत असं वाटतं, पण ह्यांचं हूं म्हणजे पक्का शिक्का असतो.” हे तिचं म्हणणं खरं होतं. अठरा वर्षांच्या संसारात त्याचं एकही हूं खोटं निघालं नव्हतं. मावशी म्हणायच्या, “तुझ्या नवऱ्याला कोणी काही विकत घ्यायला लावलं तर हूंवर सौदा होईल गं बाई!”

असं चाललं होतं. मग थोरले मालक अंथरुणाला खिळले आणि खुर्चीवर त्यांचे जावईबापू आले.

जावईबापू वाईट नव्हते. वाईट माणूस ओळखता येतो आणि त्याच्यापासून सांभाळून राहता येतं. हे उत्साही होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “मी दिवसाला चार तास झोपतो. फक्त चार! आणि बघा, कसा ताजातवाना आहे.” ताजेतवाने जावईबापू त्या दिवशी गाडी चालू ठेवूनच आत आले होते, आणि संध्याकाळी तिचं पेट्रोल संपलेलं पाहून त्यांनी रखवालदाराला फैलावर घेतलं.

दुपारी दोन वाजता त्यांनी आपली पहिली फेरी मारली आणि सगळा छापखाना आडवा झालेला पाहिला. मग त्यांनी पायाने मावशींची बादली हलवली.

“हे काय चाललंय?”

मावशी डोळे न उघडताच म्हणाल्या, “वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं गुणिले अकरा माणसं,” जावईबापू म्हणाले, “म्हणजे रोज जवळजवळ चार तास. चार तास तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत घोरत घालवता?” गंमत बघा, ते स्वतः रात्रीचे जेवढे तास झोपत होते, तेवढेच तास आमची सगळी माणसं मिळून दुपारी झोपत होती, आणि त्यांना ती चैन वाटली.

आठवड्याभरात झोप बंद झाली. नुसती बंद झाली नाही, तर प्रत्येकाने ती आपणहून सोडली. त्यासाठी एक छापील कागद निघाला: ‘दुपारची विश्रांती मी स्वखुशीने सोडत आहे.’ खाली सहीची जागा. तो कागद आमच्याकडेच छापला गेला, गुण्यानेच माझ्यावर कापला आणि अर्थातच त्याच्या चारही कडा अगदी काटकोनात होत्या. मग त्याने त्यातल्याच एकावर सही केली.

माझ्या पात्यांची झोप मात्र जावईबापूंनी बंद केली नाही. पात्याचं गणित त्यांना समजत होतं. थोरलं दमलं की धाकटं चढायचं, आणि थोरलं पेटीत पडायचं तेल पिऊन. दर महिन्याला मोठी धार लावायला बाहेरगावी जायचं ते वेगळंच. मला ह्यात काही गैर वाटलं नाही. माझी सोय नीट होत होती.

पुढे शाळेच्या पुस्तकांचा हंगाम आला. काम डोक्यावरून पाणी जाईल इतकं. दुसरा कटरवाला मिळेना, म्हणून जावईबापूंनी गुण्याला दोन पाळ्या लावल्या. सकाळी सहाला यायचं ते रात्री दहापर्यंत. त्यात जाणं-येणं दीड-दीड तास. उरलेल्यात त्याने जेवायचं, आंघोळ करायची आणि झोपायचं. जावईबापूंनी भिंतीवर एक तक्ता लावला, ‘महिन्याचा मोहरा’. ज्याचे तास सर्वांत जास्त, त्याचा फोटो. पहिल्या महिन्यात गुण्याचा फोटो लागला. फोटोत त्याचे डोळे मिटलेले आले होते. दुसरा काढायला कोणाला वेळ नव्हता.

माणूस झोपेवाचून कसा झिजतो, हे मी फूटभर अंतरावरून पाहिलंय, मित्रांनो. तो एकदम कोसळत नाही. आधी तो चिडतो. गुण्यासारखा माणूस एकदा मावशींवर खेकसला. मग तो विसरतो. पट्टी लावली की नाही हे तीनदा तपासतो, आणि चौथ्यांदा तपासायचं तेव्हाच राहून जातं. मग डोळे उघडे असतात, हात काम करत असतात, आणि आत कोणी नसतं. दोन श्वासांपुरतं. त्याचं त्यालाही कळत नाही. मला कळत होतं. मी कोणाला सांगितलं नाही, मला कोणी विचारलंही नाही.

पुढच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी गुण्याचा काप तिरका गेला. आयुष्यात पहिल्यांदा. भूगोलाच्या सहाशे पुस्तकांच्या कडा बोटभर तिरक्या, नकाशातले समुद्र अर्धे गायब. गुण्या एक पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. ते आपलं आहे हे त्याला पटत नव्हतं.

वहिनी केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“साहेब, त्यांना फक्त वीस मिनिटं पडू द्या. पूर्वीसारखं. जास्त काही मागत नाही मी.”

“वहिनी, झोप ही सवय आहे. जितकी द्याल तितकी मागते.”

“पंधरा द्या.”

“मी चार तास...”

“तुम्ही कटर चालवत नाही, साहेब.”

जावईबापूंना राग आला असावा, पण मग त्यांना कल्पना सुचली, आणि कल्पना सुचली की ते राग विसरत. ते बाहेर आले आणि टाळी वाजवून म्हणाले, “चूक कुठे होतेय? एकच माणूस गड्डी लावतो आणि तोच बटणं दाबतो. लक्ष विभागतं! आपण जोडी लावू. एकाने गड्डी सारखी करायची, दुसऱ्याने फक्त बटणं दाबायची. कामही दुप्पट वेगाने होईल.”

ह्यात कोणाला वावगं दिसलं नाही. दोन बटणं, दोन हात, गुण्याचे हात सुरक्षित. दुसऱ्या माणसाच्या हातांसाठी माझ्याकडे बटणच नाही, ही गोष्ट गुण्याला कळायला हवी होती. तो वर्षानुवर्षं माझ्यापाशी उभा होता. झोप झालेल्या गुण्याला ती पहिल्या फटक्यात कळली असती, म्हणजे पूर्वी पुरेसा झोपायचा त्या गुण्याला. ह्या गुण्याला ती कळली नाही.

“जोडीला कोण उभं राहील?” जावईबापूंनी विचारलं.

“मी,” वहिनी म्हणाली. “माझ्यासमोर नाही झोपणार ते. मी बोलत ठेवीन.”

मावशींनी तिचा पदर ओढला. “अगं, नको त्या राक्षसापाशी.” राक्षस म्हणजे मी. मला राग आला नाही.

पाच दिवस जोडी उत्तम चालली. वहिनीने गड्डी सरकवायची, कडा थोपटून सारख्या करायच्या, हात काढून घ्यायचे आणि म्हणायचं, “दाबा.” तो दाबायचा. मधल्या वेळात तिचं तोंड चालूच.

“अहो, जागे आहात ना?”

“हूं.”

“मुलीचं प्रगतिपुस्तक आलंय शाळेतून. गणितात पहिली आलीय.”

“हूं.”

“आणि मी काय म्हणाले?”

“गणितात पहिली.”

सहाव्या दिवशी तिने हा शेवटचा प्रश्न विचारणं सोडलं. कामाची घाई होती आणि त्याच्या हूंवर तिचा भरवसा होता.

ती दुपार होती. दोन वाजून गेले होते. थोरलं पातं उतरवून पेटीत ठेवलं होतं, कोणी तरी सवयीने म्हणालंही, “झोपलं हो एक.” धाकटं नुकतंच धार लावून आलेलं. पूर्वीची वीस मिनिटं हीच. गुण्याचं शरीर ती विसरलं नव्हतं. सही त्याच्या हाताने केली होती, शरीराने नव्हे.

गड्डी लागली. वहिनीने हात काढले. “दाबा” म्हणायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं की वरची चार-सहा पानं सरकलीयत.

“अहो, थांबा हं. कोपरा सरकलाय.”

“हूं,” गुण्या म्हणाला.

तिने हात आत घातला.

त्याचे दोन्ही तळवे दोन बटणांवर टेकलेले होते. हूं म्हणाला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. ते हूं अठरा वर्षांच्या सवयीने आपोआप बाहेर आलं, त्याच्यामागे कोणी नव्हतं. मग मान खाली गेली, खांदे खाली गेले, आणि सगळं वजन तळव्यांवर आलं. मला दोन्ही बटणं दाबलेली कळली. दाब उतरला. पातं उतरलं.

कागद आणि बोट ह्यांतला फरक मला कळत नाही, मित्रांनो. काप अगदी सरळ गेला. त्या महिन्यातला सर्वांत सरळ.

आवाजाने गुण्याला जाग आली. त्याने डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं, आणि रोजच्यासारखं विचारलं, “झालं का?”

पुढचं मी थोडक्यात सांगतो. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा वाचला. मावशींनी खळीचे हात तसेच घेऊन तिचं मनगट आवळून धरलं, म्हणून जीवही वाचला. गुण्या बटणांवरचे हात काढायला तयार नव्हता. दोघांनी मिळून ते सोडवले.

तपासाला एक साहेब आले. त्यांनी कोऱ्या कागदाची गड्डी ठेवून माझी परीक्षा घेतली. एका बटणाने चालतो का पाहिलं. नाही चाललो. दोन्ही बटणांनी चालतो का पाहिलं. चाललो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लिहिलं: ‘यंत्र निर्दोष. पात्याची निगा उत्तम. कामगार कामाच्या वेळी झोपला होता.’ जावईबापूंनी गुण्याची सही असलेला तो कागदही दाखवला. स्वखुशीने. झोप मिळाली नाही म्हणून जे झालं, त्याचा ठपका झोपेवर आला, आणि गुण्याला कामावर झोपल्याबद्दल काढून टाकलं. तसाही तो परत येणार नव्हता. घरी आता तो मिक्सरचं बटणसुद्धा दाबत नाही म्हणे, मुलीला दाबावं लागतं.

त्याच्यानंतर माझ्यावर तीन जण आले. एक पळाला, दोघांचे काप तिरके. खराब कागदाचे ढीग लागले, शाळावाले ओरडू लागले. तेव्हा जावईबापूंनी कुठेतरी काहीतरी वाचलं आणि त्यांना नवी कल्पना सुचली. निळ्या चटया आल्या. भिंतीवरचा ‘महिन्याचा मोहरा’ उतरला आणि तिथे मोठ्या अक्षरांत पाटी लागली: ‘चांगली झोप, चांगलं काम. रोज दुपारी दोन ते दोन वीस.’ दुसरी पाळीही बंद झाली. आणि खराब कागद निम्म्यावर आला, दांड्या कमी झाल्या, भांडणं कमी झाली. छापखानेवाल्यांच्या मेळाव्यात जावईबापूंनी ह्यावर भाषण केलं, त्यांना शाल मिळाली. भाषणातले आकडे खरे होते. कागद मीच कापतो, मला माहीत आहे. त्या आकड्यांत चार बोटांचा आकडा नव्हता, एवढंच.

वहिनी सहा महिन्यांनी परत आली. घर चालवायला कोणी तरी हवंच होतं. घडी घालता येईना, म्हणून जावईबापूंनी मोठ्या मनाने तिला दुसरं काम दिलं. दोन वाजता सगळे आडवे झाले की घड्याळाकडे बघत बसायचं आणि वीस मिनिटांनी सगळ्यांना उठवायचं. एवढ्या मोठ्या छापखान्यात त्या वेळी जागं राहायला पगार मिळणारी ती एकटीच. ती स्टूल घेऊन माझ्यापाशी बसते, डावा हात उजव्यावर ठेवून. दोन वीसला उठते आणि एकेकाच्या खांद्याला हात लावते.

“जागा झालास?”

“हूं.”

“हूं नको. नाव सांग. आज वार कोणता ते सांग.”

नव्या कटरवाल्याला तर ती पूर्ण वाक्य बोलल्याशिवाय माझी किल्ली देत नाही. पोरं मागून हसतात. एकदा एकाने तिची नक्कल केली, तेव्हा मावशींनी त्याच्या डोक्यावर खळीची बादली उपडी केली.

परवा मावशींनी तिला विचारलं, “गुण्या कसाय गं? आता तरी झोपतो का पोटभर?”

“नाही हो,” वहिनी म्हणाली. “आता वेळच वेळ आहे, पण डोळा लागत नाही त्यांचा. रात्री कधीही मी कूस बदलली ना, तरी अंधारात आवाज येतो, ‘मी जागा आहे, तू झोप.’ काहीही विचारा, पूर्ण वाक्यात उत्तर देतात.” तिने डावा हात पुन्हा उजव्यावर ठेवला. “एकदा तरी हूं म्हणा म्हटलं. नाही म्हणत.”

आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते, मित्रांनो, म्हणून करतो. तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल, कोणी तुमच्या हाताखालीही येईल. पात्याला तेल लावायला विसरू नका, ते तुम्ही विसरणार नाहीच. पण पातं उतरवून पेटीत ठेवाल, तेव्हा ते चढवणारा माणूस कधी झोपला होता, एवढं त्याला विचारा. आणि तो नुसतं हूं म्हणाला, तर मला चालू करू नका.

मी थांबणार नाही. मला थांबता येत नाही.